फिरतं कदेल

आई,

उद्या सकाळी मला कारखान्यात एक नाव द्यायचं आहे. दिलं तर एका बाईची नोकरी जाईल, नाही दिलं तर तिच्यासोबत काम करणाऱ्या सगळ्यांची. आज रविवार आहे, जेवणं उरकली आहेत, घरातले सगळे आडवे झालेत आणि मी जनेल उघडून त्याच्या उजेडाला टेबल ओढून तुला लिहायला बसले आहे. तू होतीस तेव्हा तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. डिचोलीतल्या डिचोलीत, एकाच छपराखाली, कोण कोणाला पत्र लिहितं? पण कोणाचं तरी नाव देणं म्हणजे काय असतं ते आपल्या घरात फक्त तुला ठाऊक होतं, आणि तू त्याबद्दल शेवटपर्यंत एक अक्षर काढलं नाहीस. त्याचा मला थोडा रागही आहे, तो आधीच सांगून ठेवते.

मी अजून त्याच कारखान्यात आहे, औद्योगिक वसाहतीतल्या, ऑफिसच्या खुर्च्या बनवणाऱ्या. तू होतीस तेव्हा मी खोक्यांवर पत्ते चिकटवायचे. आता शेवटची तपासणी माझ्याकडे आहे. म्हणजे तयार झालेल्या प्रत्येक खुर्चीवर बसायचं, मागे रेलायचं, गोल फिरायचं, बाजूचा दांडा ओढून वरखाली करायचं, चाकं सरळ पळतात का बघायचं आणि मग तिला प्लास्टिकचं आवरण घालायचं. बसून-उठून माझे गुडघे कामातून गेले आहेत, ते राहू दे. खुर्चीच्या पाठीला जाळी बसवायचं काम बायका करतात, गडहिंग्लज-चंदगडकडच्या, काही बेळगावकडच्या. जाळी ताणून चौकटीच्या खाचेत अंगठ्यांनी दाबायची, अंगठे सोलून निघतात, आणि हे सगळं उभ्याने. त्यांना बसायला काही नाही. जेवायच्या सुट्टीत प्लास्टिकचे क्रेट उलटे करून घेतात. माणसाच्या पाठीची काळजी घेणाऱ्या खुर्च्यांच्या रांगा समोर आणि त्या घडवणाऱ्या बायका क्रेटवर, हे पहिल्या महिन्यात डोळ्यांत खुपतं, मग सवय होते. मला झाली होती.

त्या बायकांत एक आहे, तिशीची, गडहिंग्लजच्या बाजूची, जिभेला हाड नसलेली. माझ्याशी तिचं पहिल्या दिवसापासून वाजतं. मी खुर्चीवर बसून गिरकी घेतली की ती जाळी ताणता ताणता म्हणणार, "ताई, तुमास्नी बसायचा पगार मिळतो, आमास्नी हुबं ऱ्हायाचा." बाकीच्या हसतात. मी एकदा चिडून तिच्या तीन जाळ्या परत पाठवल्या होत्या. खरं तर एकच सैल होती. गुरुवारी जेवायच्या सुट्टीत मी पाण्याची बाटली विसरले म्हणून परत आले, तर तयार मालाच्या रांगेच्या पाठीमागे ही एका खुर्चीचं आवरण वर सारून तिच्यावर बसलेली. चपला काढून पाय समोरच्या खोक्यावर. मांडीवर डबा. पाय घोट्यापाशी असे सुजलेले की पैंजणाचा वळ उठलेला. मला बघून ती उठली नाही. म्हणाली, "लई दुखाय लागल्यात ओ पाय. जरा टेकलोय." त्यांच्याकडे बायकाही असंच बोलतात. मी बाटली घेतली आणि बाहेर आले.

शुक्रवारी पणजीच्या एका मोठ्या कचेरीचा माणूस माल बघायला आला. त्याने आपल्या हाताने एका खुर्चीचं आवरण काढलं आणि करड्या बैठकीवर हळदीच्या तेलाचा डाग. ढीगभर खुर्च्या सोडून त्याला नेमकी तीच सापडावी! त्याने बोटाने डाग घासून बघितला आणि बोट मॅनेजरसमोर धरलं. माणूस गेल्यावर मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नाही. म्हणाला, "कुठली बाई मालावर बसली ते तुम्हाला माहीत असणार. सोमवारी सकाळी नाव द्या. नाही मिळालं तर जाळीवाल्या सगळ्या बंद, कंत्राटदाराला सांगून दुसऱ्या आणवतो." कंत्राटावरच्या बाईला काढायला कागदही लागत नाही, आई. फाटकावरचा वॉचमन सांगतो, उद्यापासून येऊ नको, की झालं. तिचा नवरा बांधकामावर पडून पाय मोडून घेऊन खोलीत बसला आहे, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. काल कारखाना सुटताना ती फाटकापाशी माझी वाट बघत उभी होती. "तुमी बघितलाय मला," एवढंच म्हणाली. सांगा म्हणाली नाही, सांगू नका म्हणाली नाही. तिच्या जिभेला पहिल्यांदा हाड फुटलेलं बघितलं आणि मला भीती वाटली. मी घड्याळ बघितल्यासारखं केलं आणि बसकडे चालू लागले.

आमच्याकडे भिंतीवर एक मोठा तक्ता लावला आहे. खुर्ची कशी कशी बदलत गेली त्याची चित्रं. डावीकडे लाकडी, ताठ पाठीची. मग स्क्रूवर वरखाली होणारी, मग स्प्रिंगची, मग फोमची, मग गॅसच्या नळकांडीवर बसवलेली, आणि उजव्या टोकाला आमची जाळीची, पाठीच्या बाकाप्रमाणे वाकलेली. पुण्याहून शिकवायला आलेल्या बाईंनी सांगितलं, आई, तुझ्या जन्माच्याही आधी परदेशात खास टायपिस्ट मुलींसाठी खुर्ची निघाली होती. हात नसलेली, म्हणजे कोपरं अडकत नाहीत. कमरेला टेकायला छोटी गादी, खाली स्क्रू आणि चाकं. पूर्वी माणसाने खुर्चीसारखं बसायचं, मग खुर्ची माणसासारखी व्हायला लागली, असं त्या म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्या दुसऱ्या चित्राकडे बघत होते. मनात आलं, तीच ही, आईच्या ऑफिसात आलेली. तक्त्यात सगळं बरोबर आहे. फक्त योग्य खुर्ची खोलीत येऊन उभी आहे आणि तिच्यावर भलताच माणूस बसला आहे, ती वर्षं त्यात दाखवलेली नाहीत.

खाण कंपनीच्या डिचोलीच्या ऑफिसात तू टायपिस्ट होतीस. बाबा गेल्यावर घर तुझ्या दहा बोटांवर चालत होतं. तुझी खुर्ची, तुझं कदेल, पोर्तुगीज काळातलं, सागवानी, वेताची बैठक खोल बसलेली; तू त्यात रुतायचीस आणि टाइपरायटर तुझ्या छातीशी यायचा. खांदे वर उचलून टाइप करावं लागे. एकदा तू घरून गोणपाटाची घडी नेऊन खाली घातलीस, तर हेडक्लार्क सगळ्यांदेखत म्हणाला, "हें ऑफिस, तुजें घर न्हय." तू घडी परत आणलीस आणि तिचं पायपुसणं केलंस. मग वास्कोच्या मोठ्या ऑफिसातून टायपिस्टसाठी म्हणून ती नवीन खुर्ची आली. तू त्या दिवशी घरी आलीस ती बोलतच, मला आठवतं, फिरतं कदेल, पाठीला उशी, स्क्रू फिरवला की वर येतं. पण ते फिरत होतं ना, तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. फिरणारी खुर्ची साहेबाची, हे आपल्या लोकांच्या डोक्यात पक्कं. हेडक्लार्कने ती आपल्या टेबलामागे ओढून घेतली. त्याची हाताची खुर्ची अकाउंटंटला मिळाली, अकाउंटंटची आवक-जावकवाल्याला, असे सगळे एकेक पायरी चढले आणि तुझी तुझ्याकडेच राहिली. हेडक्लार्क चांगला रुंद माणूस. पहिल्याच दिवशी सवयीने कोपर टेकायला गेला, तिथे हात नव्हता, आणि जमिनीवर येता येता वाचला. तरी त्याने तिच्या वीतभर पाठीवर साहेबी पांढरा टॉवेल टाकलाच. तो चाकांत अडकायचा. हे सांगताना तू हसत होतीस, पण एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं चोळत होतीस.

स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतं. तू आदोळीवर बसली आहेस, पाय दुमडून, खाली ताट, नारळाची कवड दोन्ही हातांत धरून खवते आहेस. खोबरं पडतंय, पडतंय, आणि मध्येच थांबतं. तू उजवा हात वर धरून बघते आहेस, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. बोटं उघडझाप करतेस. मग आदोळीच्या लाकडावर हात आपटतेस, एकदा, दोनदा, जोरात. मी घाबरून बघते तर म्हणतेस, "तूं कर गो. म्हजो हात निदला." हात झोपला म्हणे. तो रोज झोपायला लागला. तुला भीती कसली वाटत होती ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं कंटाळा. आता कळतं. बोटं गेली की टायपिंग गेलं, टायपिंग गेलं की घर.

ऑफिसात एक शिपाई होता, सर्वण गावचा, तुझ्याहून थोडा मोठा. तुला बाय म्हणायचा. त्याला तुझा झोपणारा हात दिसला होता. एक दिवस हेडक्लार्क कामाला पणजीला गेला. शिपायाने ती फिरती खुर्ची ढकलत तुझ्या टेबलाशी आणली, टॉवेल घडी करून बाजूला ठेवला, खाली बसून स्क्रू फिरवला आणि म्हणाला, "बस गो बाय. आज सायब ना." आणि तू बसलीस. त्या दिवशी टाइपरायटर कसा वाजला असेल, मी कितीदा ऐकायचा प्रयत्न करते. खांदे खाली, कोपरं अंगाशी, पाठ टेकलेली. पणजीचं काम झालं नाही म्हणून हेडक्लार्क दुपारीच परतला. तू इतकी रमली होतीस की दार वाजलेलंही तुला ऐकू आलं नाही. "हें कदेल हांगा कोणें हाडलें?" त्याने विचारलं. खुर्ची इथे आणली कोणी, म्हणून सगळ्यांकडे बघितलं. त्याने परत विचारलं, या वेळी फक्त तुला. शिपाई दाराशी उभा होता. आणि तू त्याचं नाव घेतलंस.

त्याला काढलं नाही. शिरगावच्या खाणीवर पाठवलं, पहारेकरी म्हणून, तांबड्या धुळीत. तुझं जुनं कदेल तुला परत मिळालं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की आई घरी आता खुर्चीवर बसत नाही. पाहुणे आले तरी तू पाटावर, नाहीतर उंबऱ्याला टेकून. आणि दर उन्हाळ्यात सर्वणचा एक माणूस ओल्या काजूंची पुडी आणून द्यायचा, तू ती दोन्ही हातांनी घ्यायचीस, त्याला चहा करायचीस, आणि त्याच्याकडे बघायची नाहीस. मला वाटायचं, असेल दूरचा कोणी नातेवाईक, ज्याच्याशी काही बिनसलंय.

नोकरी लागल्यावर पहिली वस्तू मी आणली ती तुझ्यासाठी फिरती खुर्ची. आमच्याच कारखान्यातली, निळी. रिक्षातून आणली, वाटेत चाक निखळलं तर मांडीवर धरून बसले. तू दारात आलीस, खुर्ची बघितलीस आणि तुझा चेहरा असा झाला की माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, बस ना. तू म्हणालीस, "आसूं दी गो. म्हाका सकयल बरें." आणि खाली बसलीस, तिच्या शेजारी, जमिनीवर. दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर घडी करायचे कपडे आले. मी किती चिडले, किती टोमणे मारले, तुला ठाऊक आहे. राणीसाहेबांना आमची खुर्ची चालत नाही, असंही म्हटलं होतं. तू कपडे घडी करत राहिलीस.

तुझ्या बाराव्याला तो सर्वणचा माणूस आला, म्हातारा झालेला, दम लागत होता. त्या निळ्या खुर्चीकडे बघत राहिला आणि मग त्याने मला सगळं सांगितलं, आता लिहिलं ते. मी विचारलं, तुम्हाला राग नाही आला? तो म्हणाला, "म्हाका राग नासलो. तुवें शाळेंत वचपाचें आसलें, ती कितें करतली?" माझ्या शाळेचं त्याला ठाऊक होतं. मग म्हणाला, "तिणें केन्नाच विचारलें ना गो. विचारलें आसतें जाल्यार सांगतलों आसलों." तू विचारलं असतंस तर राग नाही हे त्याने सांगितलं असतं; दर वर्षी काजू घेऊन तो तेवढ्यासाठीच येत होता, आई. तू एकदा मान वर करावीस म्हणून. आणि तू चहा करत राहिलीस. याचाच मला राग आहे. नाव दिलंस याचा नाही. त्या टेबलाशी तू एकटी होतीस, समोर हेडक्लार्क, घरी मी. कोण धीट राहिलं असतं? पण नंतर इतके उन्हाळे आले आणि गेले, एकदा तरी त्याला म्हणायचं होतंस, मी भ्याले रे.

मी भ्याले आहे. कालपासून जेवण जात नाही. मलाही नोकरीची थोडीच वर्षं उरली आहेत, मॅनेजर मला ठेवील की नाही सांगता येत नाही, आणि त्या बाईवर माझं काही प्रेमही नाही. उद्या ती राहिली तर परवा परत मला बसायच्या पगाराचं ऐकवणार, याची मला खात्री आहे. सकाळपासून मी बाजू लावून बघते आहे. डाग पडला हे खरं. बसू नये हा नियम खरा. मी बघितलं हेही खरं. सगळं खरं एकत्र केलं की तिचं नाव तयार होतं, आणि ते नाव जिभेवर आलं की मला तुझी पाठ दिसते, जमिनीवर बसलेली, खुर्चीच्या शेजारी.

तू खरं बोललीस आणि मग जन्मभर गप्प राहिलीस. मी उद्या खोटं बोलणार आहे. मॅनेजरला सांगणार आहे की मीच तिला बसवलं. नव्या जाळीला माणूस बराच वेळ रेलून बसला की ती सैल पडते का, ते मला बघायचं होतं. तपासणी माझं काम, कोणाला बसवायचं ते मी ठरवते, आणि जेवतानाही उठू नको असं मीच तिला बजावलं होतं. डाग माझ्या खात्यावर. पण त्याआधी फाटकापाशी तिला गाठून मी काय सांगणार आहे ते तिच्या तोंडावर सांगेन, तिच्या डोळ्यांत बघून. मागाहून तिला माझ्यासाठी काजू आणायला नको. आता स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून मी ते वाक्य मोठ्याने म्हणून आले. पहिल्यांदा आवाज फाटला. दुसऱ्यांदा बरं जमलं. बाहेर पोदेराचा हॉर्न वाजला, पाव घ्यायला जायला हवं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते, कारखान्यात कोणाला माहीत नाही ती. तपासणी झाली की आवरण घालायच्या आधी मी प्रत्येक खुर्चीचा दांडा ओढते आणि तिला अगदी खाली बसवते, तुला खालीच बरं वाटायचं म्हणून, तुझे पाय जमिनीला लागतील इतकी. मॅनेजरला वाटतं, टेम्पोत जास्त मावाव्यात म्हणून मी हे करते, आणि तो मला शाबासकी देतो. इतकी वर्षं एकही खुर्ची मी चुकवलेली नाही. उद्याही करीन, नोकरी राहिली तर.